गप्प बसणारा नायक

शेवटचं पान वाचून तिनं कादंबरी मिटली आणि मोठा सुस्कारा सोडला. पक्षी बघत हिंडणाऱ्या दोघांची गोष्ट होती ती. त्यातला नायक नायिकेशेजारी तासन्‌तास नुसता बसायचा आणि प्रेमाचा एक शब्दही न काढता तिचं मन जिंकायचा.

"असा असावा माणूस," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर तुम्ही! दुकानात दिवसभर लोकांच्या डोक्यावर कात्री चालते आणि घरी आलात की तोंड."

"म्हणजे इतकी वर्षं नकोसाच होतो म्हण की मी!" तो हसला खरा, पण त्याचा चेहरा उतरला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं गॅलरीत दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या, कठड्यावर मूठभर दाणे पसरले आणि ओठांवर बोट ठेवून बसला. आधी तिला गंमत वाटली. मग बरं वाटलं. पण हळूहळू शेजारी कुणी परका माणूस येऊन बसलाय असं वाटायला लागलं. खालून गल्लीतले म्हातारे मास्तर गेले, मिशांना काळाकुळकुळीत कलप लावून, आणि त्यावरही हा गप्प!

इतक्यात एक पिवळाधमक पक्षी खरोखरच कठड्यावर उतरला. नवऱ्यानं श्वास रोखला. न बोललेल्या शब्दांनी त्याचे गाल फुगले होते.

"अहो, बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

त्यानं डोळ्यांनीच पक्षी दाखवला.

तिनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "उडाला तर उडू दे. तुम्ही बोला."