एक वाजेपर्यंत शांतता

"ताई, शब्द म्हणजे शब्द. उद्या एक वाजेपर्यंत वर हातोडीच काय, टाचणीसुद्धा पडणार नाही," असं कंत्राटदार काल छातीवर हात ठेवून म्हणाला होता. आणि आज सव्वादहाला डोक्यावर ठक, ठक, ठक सुरू!

ती कपाळाला हात लावून बसली. वरच्या फ्लॅटची डागडुजी चालू होऊन दीड महिना झाला होता. त्यांनी फरशा फोडल्या, भिंती खरवडल्या, नळ उपटले, आणि खाली हिचं डोकं उठवलं.

त्यातून आजचा दिवस. आठ महिने घरी बसल्यावर एका रुग्णालयात दुभाष्याच्या नोकरीची आशा दिसत होती. अकरा वाजता फोनवर तोंडी परीक्षा. पलीकडचा माणूस रोग्याच्या भाषेत दुखणं सांगणार, हिने ते तिथल्या तिथे डॉक्टरांच्या भाषेत सांगायचं. एक शब्द निसटला की संपलं.

सासूबाईंनी नेहमीचं हत्यार उचललं, झाडूचा दांडा. छताला तीन ठोके, म्हणजे 'पुरे करा'. वरच्या कामगारांना ते केव्हाच पाठ झालं होतं. पण ते एवढे बेरकी, की हातोडीने तीन ठोके परत द्यायचे, खदाखदा हसायचे आणि काम पुढे चालू ठेवायचे.

आजही तेच. तीन ठोके वर गेले, तीन खाली आले.

"बघ, वेडावतायत मेले!" सासूबाईंनी पदर खोचला आणि चार ठोके हाणले. वरून चार आले.

"आई, पुरे! तुम्ही काय खेळत बसलात त्यांच्याशी?"

ती तरातरा जिना चढून वर गेली. दार आतून बंद. घंटेची वायर उपटून लोंबत होती. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून, अगदी लांबून, रेडिओवर कुणी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. म्हणजे गाणी लावून काम चाललंय!

"कानात बोळे घातलेत का? अकराला परीक्षा आहे माझी! माणसं आहात की कोण आहात?"

तिचा आवाज ऐकून ठोके उलट वाढलेच. भराभर, एकावर एक.

संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बसा वाजवत! मी काही परत वर यायची नाही!"

अकराला पाच कमी असताना ती फोन घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरली. सासूबाईंनी बाहेरून दोन गाद्या लावल्या आणि स्वतः पाठ टेकून बसल्या. पहिल्या प्रश्नाला वर ठोके होतेच, पण मंदावलेले. दुसऱ्याच्या वेळी मध्येच एखादा, मग बराच वेळ काही नाही. तिसरा प्रश्न सुरू व्हायच्या आत सगळं थांबलं.

'सुटले गं बाई,' ती मनात म्हणाली.

मग तिची गाडी अशी सुटली, की छातीतली कळ, डाव्या हाताच्या मुंग्या, घशाची कोरड, सगळं जसंच्या तसं पलीकडे पोचलं. परीक्षक बाई खूश झाल्या. "कान फार तिखट आहेत तुमचे. सोमवारी रुजू व्हा."

ती कपाटातून बाहेर आली तशी सासूबाईंनी तिला मिठीच मारली. दोघी हसल्या, थोडं रडल्याही. नवऱ्याला फोन झाला, बहिणीला झाला. मग दोघी शांतपणे जेवायला बसल्या. दीड महिन्यात पहिल्यांदाच भांडी थरथरत नव्हती.

दीड वाजता घंटा वाजली. दारात कंत्राटदार.

"या, तुमचीच वाट बघत होते! शब्द दिला होतात ना? लाज कशी नाही वाटत?"

"ताई, काय बोलायचं ते नंतर बोला. तुमच्या परीक्षेसाठी आज एकाही माणसाला कामावर येऊ दिलं नाही मी. मालकांचे वडील तेवढे सकाळी एकटेच वर गेले, नवीन बाथरूम बघायला. दार आतून बंद आहे, फोन उचलत नाहीत." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "तुम्हाला वरून काही आवाजबिवाज आला का हो?"