गल्लीचं पत्र

सेरा डकवर्थ दार न वाजवता आत आली, तशी ॲग्नेसने हातातलं पत्र घाईघाईने एप्रनखाली सरकवलं.

"लपवू नकोस," सेरा म्हणाली. "चार दिवसांपूर्वी पोस्टमननं तुला हॉस्पिटलचं पाकीट दिलं, ते सगळ्या गल्लीनं पाहिलंय."

जुलैची दुपार होती, पण घरात अंधार होता. गेल्या काही दिवसांत गल्लीतल्या एकेका घराने दुखवट्याचे पडदे ओढून घेतले होते. पोरगा गेल्याचा सैन्याकडून छापील कागद यायचा, नाव तेवढं शाईने लिहिलेलं. सेराकडे असे दोन आले होते, एक हर्बर्टचा, एक ज्योचा. ॲग्नेसकडे एकही आला नव्हता. तरी पडदा तिनेही ओढला होता.

गल्लीतली पोरं सगळी एकाच सकाळी सैन्यात नाव नोंदवून आली होती. बरोबर भरती व्हाल तर बरोबरच ठेवू, असा सरकारचा शब्द होता. सरकारने तो पाळला. एका गिरणीत कामाला जाणारी, एका मैदानावर फुटबॉल खेळणारी पोरं फ्रान्समध्ये एकाच खंदकात उभी राहिली आणि एकाच शिट्टीला वर चढली.

गल्लीतला एकटा विल्फ वाचला. ॲग्नेसचा पोरगा. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून कापला होता. ते वाचून ॲग्नेसला आधी आनंद झाला. एका पायाच्या माणसाला कुणी पुन्हा लढाईवर धाडत नाही. मग त्या आनंदाचीच तिला लाज वाटली. गिरणीत मागांच्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलत. चार दिवस ती सगळ्यांकडे पाठ करून उभी होती.

"तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं वाचू गं?" ती म्हणाली.

"आहे त्याच तोंडानं." सेराने खुर्ची ओढून घेतली. "माझ्या पोरांचं आहे का त्यात काही?"

"आहे."

सेराने हात लांबवून पडदा वर केला, कागदावर उजेड पडेल इतकाच. ॲग्नेस वाचू लागली.

'पळू नका, चालत जा, असं सांगितलं होतं. पलीकडच्या काटेरी तारा आपल्या तोफांनी तोडल्यात, असंही म्हणाले होते. तारा जशाच्या तशा होत्या. मी दहा पावलांत पडलो, म्हणून वाचलो. हर्बर्ट बराच पुढे पोचला होता. ज्यो पडलेला दिसला तसा तो मागे फिरला. मी ओरडलो, अरे, आडवा हो. त्यानं ऐकलं नाही. ज्योपाशी बसला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, काहीतरी बोलत होता त्याच्याशी. मग मशिनगन पुन्हा त्या बाजूला वळली.'

ॲग्नेसला पुढची ओळ दिसेना.

"म्हणजे ज्यो एकटा नव्हता," सेरा म्हणाली. दोन्ही तळव्यांनी तिने तोंड पुसलं. "थांबलीस का? पुढचं वाच. आणि जरा मोठ्यानं वाच, ॲग्नेस. बाहेर सगळ्यांच्या आया उभ्या आहेत."