बेसचा खोका

"नाय," पुंजा म्हणाला. "खालचा सूर उतरत नाय."

देवराम मिस्त्रीने कपाळाला हात लावला. हा तिसरा खोका होता. नाशिकच्या भद्रकालीतल्या त्याच्या दुकानात सकाळपासून दुसरं काम झालं नव्हतं. जयरामने बेस गिटारची सगळ्यात जाड तार छेडायची, खोक्यातल्या स्पीकरमधून घुमारा निघायचा, आणि जयरामचा थोरला भाऊ पुंजा खोक्याच्या पाठीवर तळहात टेकवून उभा राहायचा. मग आडवी मान हलवायचा.

पहिल्या दोन खोक्यांना पुंजाने नाही म्हटलं, त्याबद्दल जयरामची काही तक्रार नव्हती. ते हलके होते खरे, पण बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखे वाजत होते. या तिसऱ्याने मात्र तो चक्रावला होता.

त्यांचा जुना खोका एकाहत्तर सालचा. अस्सल सागवानी, आत दोन स्पीकर, भरल्या पोत्याएवढं वजन आणि दोन्ही अंगांना ट्रंकेसारख्या कड्या. एका कडीला जयराम, दुसऱ्या कडीला पुंजा. पुंजाचा जन्म नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाली करण्यात गेलेला, त्यामुळे खोक्याचं त्याला काही वाटत नसे. जयराम वाजवायचा त्या मेलडी पार्टीचा मालक सोमा जागेच्या बाबतीत महाकंजूष. "जो वाजवंल तो टेम्पोत बसंल, नायतर जो उचलंल तो," असा त्याचा कायदा. अकरा वर्षं दोघे भाऊ त्या टेम्पोतून मनमाडपासून हरसूलपर्यंत फिरले. कार्यक्रम चालू असताना पुंजा स्टेजच्या मागच्या बाजूला, खोक्याच्या पाठीवर हात ठेवून बसायचा. संपला की एवढंच सांगायचा, "आज उतरला," नाहीतर "आज नाय उतरला." त्याला सूर-ताल काही कळत नव्हता, पण त्याचा तळहात कधी चुकला नाही. जयराम त्या हाताला वाद्यांच्या दुकानातल्या जाणकारांपेक्षा जास्त मानायचा.

दिवाळीनंतर हरसूलला खोका टेम्पोवर चढवताना पुंजा मटकन खाली बसला. चेहरा राखेसारखा झाला होता. डॉक्टरांनी बजावलं, आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. पंधराव्या दिवशी हा गडी पुन्हा कडी धरून हजर. जयरामने रागावून पाहिलं, शेजाऱ्यांकरवी सांगून पाहिलं, शेवटी हात टेकले. जुना खोका घरात आहे तोवर भाऊ तो उचलणार, आणि एक दिवस कडी हातात असतानाच जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्या विचाराने त्याची झोप उडाली होती. शनिवारी दिंडोरीचा कार्यक्रम होता. त्याच्या आत हलका खोका घरी यायला हवा होता, आणि तो भावाच्या पसंतीचाच असणार, असा शब्द त्याने दिला होता.

"मिस्त्री, पुन्हा एकदा लावा," जयराम म्हणाला.

देवराम वैतागला होता, पण या खोक्यावर त्याचा जीव होता. पातळ प्लायवूड, आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांचा आधार, एकच मोठा स्पीकर आणि खाली हवा खेळायला रुंद भोक. "पोटात हवा जास्त, अंगात लाकूड कमी," तो पुन्हा सांगू लागला. "आवाज हवेतून येतो, भाऊसाहेब, वजनातून नाही." त्याने खोका एका हाताने उचलला, दारापर्यंत नेला आणि परत आणून ठेवला. पुंजा तेवढा वेळ भिंतीकडे बघत होता.

जयरामने तार छेडली.

फळीवरच्या वाटीतले खिळे थरथरले. टेबलावरचा भुसा काठाकडे सरकला. सूर जमिनीतून आला आणि जयरामच्या तळपायांतून वर चढून पोटात थांबला. त्या सागवानी धोंड्याने अकरा वर्षांत इतका खालचा सूर एकदाही काढला नव्हता. जयरामला आनंदाने हसू फुटलं. त्याने मोठ्या आशेने भावाकडे पाहिलं.

पुंजाचा तळहात खोक्यावरच होता. तार थांबली तरी हात निघाला नाही.

"नाय," तो म्हणाला. "आपला जुनाच बरा."

जयरामच्या डोक्यात सणक गेली. भाऊ म्हातारपणी हट्टाला पेटला, का दुखण्याने त्याच्या हातातली जाण गेली, त्याला कळेना. त्याने गिटार खाली ठेवली आणि जवळ जाऊन भावाच्या हातावर आपला हात ठेवला.

"भाऊ, वहिनी गेल्यापासून तुझ्याबिगर मला कोण हाय आणि माझ्याबिगर तुला? तुझा जीव वाचावा म्हणून ही धडपड चाललीय. माझ्या गळ्याची शपथ. हात काय सांगतो? उतरला का नाय?"

बाहेर टांगा गेला. पुंजाने मान खाली घातली.

"उतरला," तो म्हणाला. "लय खाली उतरला. जुन्याला असा कधी जमला नाय."

"मग नाय कशाला म्हणतोस?"

पुंजाने हात काढून घेतला. खोक्याच्या दोन्ही कोऱ्या बाजूंवरून त्याने एकदा बोटं फिरवली, आणि मग वर, मधोमध बसवलेल्या नव्याकोऱ्या मुठीवर ती थांबली.

"ह्याला धरायला एकच जागा हाय रं, जयराम."