डावरे गुरुजी

"पुन्हा डाव्या हाताने!" सासूबाईंनी फोनच्या पडद्यावर बोट आपटलं. "एवढं छान शिकवतो, पण कुणी वळण लावलं नाही मेल्याला."

"आई, असतात काही माणसं डावरी," सूरियानी म्हणाली. तिची नजर गुरुजींच्या पटावरच्या घोड्यावर होती.

"आणि शर्टाचा खिसा उजवीकडे? शिंपीसुद्धा स्वतःसारखाच गाठलाय!"

बेटावर नेट नव्हतं. सूरियानीचा नवरा बासो मासळी घेऊन मकास्सर शहरात जायचा. तिथल्या एका दुकानातून त्याने बुद्धिबळाचे धडे फोनच्या कार्डात भरून आणले होते. धड्यांत एक पट दिसे, एक शर्ट आणि एक हात. गुरुजींचं तोंड कधी दिसलं नाही, नावही कळलं नाही. पण बोलणं गोड. "घाई बोटीला असते, आपल्याला नाही," असं ते प्रत्येक चुकीनंतर म्हणत.

त्याआधी बेटावर कुणालाच बुद्धिबळ येत नव्हतं. सूरियानीने पडद्याकडे बघत फळीवर हुबेहूब पट रंगवला, बासोने सोंगट्या कोरल्या. मग मासळी वाळवणाऱ्या बायकांना नाद लागला. सासूबाईंना सगळ्यात जास्त.

अडचण जागेची होती. धक्क्यावर सावलीत एकच टेबल, आणि त्यावर डॉमिनोवाल्यांचं राज्य.

"तोंपोकाका, शुक्रवारी दुपारी टेबल आम्हाला द्या ना," सूरियानीने विचारलं.

"कशाला? मुंग्यांची मिरवणूक मांडायला?" तोंपोकाकांनी सोंगटी टेबलावर दाणकन हाणली. "आमच्या खेळात आवाज तरी येतो. तुमच्यात माणूस जिवंत आहे की गेला, तेच समजत नाही."

सगळे हसले. सूरियानी हलली नाही.

"बरं," काका म्हणाले, "सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाला, तालुक्याला बुद्धिबळाची स्पर्धा आहे. तिथे एक डाव जिंकून दाखव. एकच. शुक्रवार तुमचा. वर त्या दिवशी कॉफी माझ्या हातची."

"आणि नाही जिंकला तर?"

"तर फळी माशांसोबत उन्हात वाळत घालायची आणि पुन्हा टेबलाचं नाव काढायचं नाही."

"तुमच्या हातची कॉफी पिववेल का, तेवढं सांगा."

सतराला झेंडावंदन झालं आणि अर्धं बेट होडीतून तालुक्याच्या शाळेत उतरलं. तोंपोकाकाही आले होते. टेबल राखायला, असं ते म्हणाले.

सूरियानी पहिल्या डावाला बसली आणि तिने लगेच हात वर केला. "पंच, सोंगट्या चुकीच्या मांडल्यात. राजाच्या जागी वजीर आहे, वजिराच्या जागी राजा."

आजूबाजूला हशा पिकला. इल्हाम नावाचा तरुण पंच आला, त्याने पट पाहिला. "बरोबर आहे की, वहिनी. तुम्ही कुठे शिकलात?"

बासोने फोन पुढे केला. इल्हामने थोडा वेळ धडा पाहिला आणि त्याला हसू आवरेना.

"हे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलंय. आरशात दिसावं तसं सगळं उलटं. उजवं ते डावं झालंय. तुम्ही अख्खं बुद्धिबळ आरशातलं शिकलात!"

सूरियानी पटावरची घरं पुन्हा मोजू लागली. मागून मात्र सासूबाईंचा आनंदी आवाज आला, "म्हणजे तो उजवा आहे! मी म्हणतच होते, चांगल्या घरचा दिसतो."

पहिला डाव बघता बघता गेला. हात सवयीच्या घराकडे जायचा आणि तिथे भलतंच कुणी उभं असायचं. दुसऱ्या डावात तिने प्रत्येक चाल मनात उलटवून पाहिली. त्यातच घड्याळावरची तिची वेळ संपली.

मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसली. तोंपोकाका केळ्याची भजी घेऊन आले.

"खा. हरणाऱ्यालाही भूक लागते."

"टेबल पुसून ठेवा, काका. तुमचंच आहे."

"अजून एक डाव आहे ना?" काकांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "मी एवढी होडी करून आलोय. पुरा खेळ तरी दाखव."

शेवटचा डाव सांगकालाशी होता. सांगकाला शेजारच्या बेटावरचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, गेल्या वर्षीचा विजेता. पहिल्या चालीआधी तो डोळे मिटून बराच वेळ बसतो. तेवढ्यात त्याला अख्खा डाव दिसतो, असं लोक सांगत. त्याच्यासमोर बसताना बड्याबड्यांना घाम फुटे.

"सांभाळून हं," बासो कुजबुजला. "नाहीतर असं कर, लवकर हर. भरती लागायच्या आत निघू."

"घाई बोटीला असते," सूरियानी पुटपुटली आणि खुर्चीवर बसली.

समोरच्या भल्यादांडग्या सांगकालाने मान वर केली आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. आमचे गुरुजी म्हणतात तसं. चला, तुमची चाल."

सांगकालाने डोळे मिटले नाहीत. चालही केली नाही. इल्हाम दूरच्या टेबलावरचं भांडण सोडवत होता, तिकडे त्याने एक नजर टाकली. मग तो पटावर वाकला आणि चोरट्या आवाजात म्हणाला, "ताई, मीही त्याच डावऱ्या गुरुजींचा चेला. पंच येईपर्यंत राजा-वजीर आपापल्या खऱ्या जागी ठेवून घेऊ का?"