वडील कशानं गेले?

"वडील कशानं गेले म्हणालात?" ताईला बघायला आलेल्या मुलाच्या आईनं शिऱ्याची बशी खाली ठेवत विचारलं.

"हार्ट अटॅक," आई म्हणाली. चक्क खोटं!

मी दहावीतली, जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आलेली. गप्प बसणार थोडीच! उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "बाबा आतड्याच्या कॅन्सरनं गेले. आजोबा आणि आत्याही. हा दोष आमच्या जनुकांत आहे, पिढ्यान्‌पिढ्या उतरतोय, असं डॉक्टरच म्हणाले. ताईची तपासणी व्हायला हवी, पण आई टाळतेय."

पाहुणे चहासुद्धा न घेता उठले.

मला वाटलं, ताई मला मिठीच मारेल. ती साडीची पिन काढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "शहाणे, दिवाळीतच झाली माझी तपासणी. माझ्यात नाही तो दोष."

"मग हेच सांगायचं ना त्यांना! आईनं खोटं कशाला बोलायचं?"

"कारण कॅन्सर म्हटलं की लोक लगेच धाकटीबद्दल विचारतात."

"विचारू देत की! माझीही करू तपासणी. घाबरते की काय मी?"

आई कप उचलत होती. तिचा हात थांबला.

"दिवाळीत ताप आला म्हणून तुला दवाखान्यात नेलं होतं ना, तेव्हा तुझंही रक्त पाठवलं होतं," ती म्हणाली. "बोर्डाची परीक्षा झाली की सांगणार होते गं."