आजींचं मत

जेवणाच्या टेबलावर आजोबांची आणि त्यांच्या लेकाची चांगलीच जुंपली होती.

"माझ्याकडे क्रिप्टो किती आहे, ते सरकारला सांगायची सक्ती कशाला?" लेक म्हणाला.

करखात्यातून निवृत्त झालेले आजोबा कडाडले, "लपवायचं काही नसेल, तर सांगायला कसली भीती?" आणि सवयीने त्यांनी आजींकडे पाहिलं. उभ्या संसारात आजींनी त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

"सक्ती नकोच बाई," आजी म्हणाल्या.

"अगं, क्रिप्टो म्हणजे काय, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

आजी ताटं उचलून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी आवरताना सून कुजबुजली, "आई, तुमचं क्रिप्टो मीच घेऊन दिलंय. सगळं सरळ आहे. सरकारला एवढं काय घाबरता?"

"सरकारला कोण घाबरतंय गं! पण घरातल्या सगळ्यांचे रिटर्न हेच भरतात ना!"