आतला रकाना

"आजोबा, बाहेरचं डन. आता आतलं," आन्या म्हणाली.

शाळेच्या कागदावर दोन रकाने होते. सोव्हिएत संघ का कोसळला: बाहेरची कारणं, आतली कारणं. बाहेरची मोरेश्वरने धडाधड सांगितली. शस्त्रस्पर्धा, अफगाणिस्तान, तेलाचे पडलेले भाव. नागपुरात वीस वर्षं त्याने कम्युनिस्ट पक्षाचे अभ्यासवर्ग घेतले होते. पंच्याऐंशी साली गिरणीच्या युनियनतर्फे दोन महिने मॉस्कोत राहिला होता. 'दुकानं भरलेली आहेत, लोक मजेत आहेत,' असं तिथून लिहायचा. ती पत्रं त्याचा मित्र गुरुनाथ गिरणीच्या फाटकावर मोठ्याने वाचून दाखवायचा.

खिडकीबाहेर दोन हजार सहाच्या फेब्रुवारीचा बर्फ साचला होता. अमेरिकेत, नेपरव्हिलला मुलाकडे, विवेककडे येऊन पाच महिने झाले होते. गाडी चालवता येत नव्हती. पायी जाण्यासारखं जवळ काही नव्हतं. पासपोर्ट विवेकच्या कपाटात होता. "बाबा, हरवेल तुमच्याकडून." ग्रीन कार्डाचे कागद त्यानेच भरून टाकले होते.

"लिही," मोरेश्वर म्हणाला. "दुकानांत माल नसायचा. पण खालचा माणूस वरच्याला कळवायचा, सगळं उत्तम. वरचा त्याच्या वरच्याला."

"व्हाय? भीती?"

"आधी भीती. मग सवय."

"तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"सो यू टोल्ड पीपल, राइट?"

फोन वाजला. रविवार सकाळ, म्हणजे नागपूरहून गुरुनाथ. विवेकने स्पीकर लावला.

"काय बे मोरेश्वर, मजेत ना?" दर रविवारी हाच प्रश्न, आणि 'एकदम मजेत' हेच उत्तर. "तुझ्या फ्लॅटचं गिऱ्हाईक शुक्रवारी येऊन राहिलं. चावी देऊन टाकू ना?"

विवेकने हसून मान डोलावली. मोरेश्वर कागदाकडे पाहत होता. आन्याची पेन्सिल आतल्या रकान्यावर थांबली होती.

"देऊ नको," तो म्हणाला. "मी मजेत नाही. कोंडलोय इथं. पाच महिने तुला खोटं सांगत आलो. मला परत यायचंय."

विवेकने कॉफीचा मग खाली ठेवला.

"नाही देत चावी. ये तू," गुरुनाथ म्हणाला.

"मोरेश्वर," मग गुरुनाथने हळूच विचारलं, "आणि ते मॉस्कोतले लोक बे? ते होते मजेत?"